दाढीआडचा लाल डाग जाड झालाय, आता लेझर करावं का?

प्रश्न:

माझं वय चव्वेचाळीस. जन्मापासून उजव्या गालावर लाल डाग आहे, वरच्या ओठापासून जबड्याच्या कडेपर्यंत. लहानपणी तो गुलाबी आणि सपाट होता, हात फिरवला तर कळायचाही नाही. दाढी-मिशी आली तशी मी ती राखली आणि डाग बराचसा झाकला गेला. गेल्या काही वर्षांत मात्र तो जांभळा पडला, जाड झाला, त्यावर फुगीर गाठी आल्या. दाढी नीट करताना वस्तरा गाठीला लागला की रक्त लवकर थांबत नाही. परवा सकाळी उठलो तर उशीच्या अभ्र्यावर रक्त. वरचा ओठही त्या बाजूने जड झालाय. एका त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं की दोन-तीन प्रकारची लेझर लागतील, वेळ लागेल आणि डाग पूर्ण जाईल असं नाही. दुसऱ्या ठिकाणी ‘सहा सिटिंगमध्ये साफ करून देतो’ म्हणाले. पत्नी म्हणते करून घ्या. आई म्हणते इतकी वर्षं निघाली, आता या वयात नसती भानगड कशाला. माझा रंग सावळा आहे, भाजलं तर? हा कॅन्सर तर नाही ना? मला अकरा वर्षांची मुलगी आहे, पुढे तिच्या मुलांना असं होईल का? आणि विचारायला संकोच वाटतो, पण लेझरने माझी दाढी जाईल का?

उत्तर:

दाढीचं तुम्ही संकोचत सगळ्यात शेवटी विचारलंत, पण माझ्या मते तुमच्या पत्रातला तोच सगळ्यात नेमका प्रश्न आहे. त्याच्याकडे सविस्तर येते. आधी रक्ताचं बोलू, कारण ते थांबवायला कुठल्याही मोठ्या निर्णयाची वाट पाहायची गरज नाही.

त्या भागावर वस्तरा आजपासून बंद करा. ट्रिमर वापरा, त्याला पुढे जाळी लावा आणि गाठींच्या जागी केस थोडे लांबच राहू द्या. गाठ फुटून रक्त आलंच तर स्वच्छ सुती कापडाची घडी करून ती बोटाने घट्ट दाबून धरा, डोकं वर ठेवा आणि घड्याळ लावून सलग दहा-पंधरा मिनिटं बोट उचलू नका. बहुतेक जण दर अर्ध्या मिनिटाला कापड काढून ‘थांबलं का’ बघतात आणि जमू लागलेली गुठळी पुन्हा निघून येते. इतकं दाबूनही रक्त थांबलं नाही तर सरळ दवाखाना गाठा. तुम्ही अॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी एखादी गोळी घेत असाल तर ती मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

उशीवर रक्त आलं ते कुठल्या गाठीतून, हे आरशात नीट बघा. अशा जुन्या डागावर कधीकधी मऊ, लालभडक, ओलसर दिसणारा एक कोंब उगवतो. तो काही आठवड्यांत वाढतो आणि नुसता धक्का लागला तरी वाहतो. त्याला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणतात. नाव घाबरवणारं आहे, पण तो कॅन्सर नसतो. छोट्या प्रक्रियेत तो काढता येतो आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवतात. कॅन्सरबद्दल तुम्ही विचारलंत, तर हा डाग म्हणजे कॅन्सर नाही आणि जाड झाला म्हणून तो कॅन्सरकडे चाललाय असंही नाही. मात्र अशा डागांवर क्वचित बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर आढळल्याच्या नोंदी आहेत. म्हणून जी गाठ बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते, भराभर वाढते किंवा महिनाभर चिघळलेलीच राहते, तिची बायोप्सी झाल्याशिवाय तिच्यावर कुणालाही लेझर मारू देऊ नका. एकदा जाळून टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली बघायला काही उरत नाही.

आता हा डाग नक्की काय आहे ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमच्या वर्णनावरून हा पोर्ट-वाइन स्टेन आहे. त्वचेच्या वरच्या थरातल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या जन्मापासूनच गरजेपेक्षा रुंद असतात. हजार बाळांमागे साधारण तिघांना असा डाग असतो. बाळांना होणारा हिमॅन्जिओमा वेगळा. तो जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो, काही महिने झपाट्याने वाढतो आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू विरत जातो. तुम्हाला लहानपणी कुणी ‘मोठा झाला की जाईल’ असं सांगितलं असेल तर ते या दोघांची गल्लत करून सांगितलेलं असावं. पोर्ट-वाइन स्टेन आपणहून जात नाही. शरीर वाढतं तसा तोही वाढतो आणि त्यातल्या वाहिन्या वयाबरोबर आणखी फुगत जातात, म्हणून गुलाबीचा लाल आणि लालचा जांभळा होतो. उपचार न झालेल्या डागांपैकी सुमारे दोन तृतीयांश डाग पन्नाशीपर्यंत जाड किंवा गाठाळ होतात असं दिसून आलेलं आहे. तुमचं जे झालं ते या डागाच्या स्वभावानुसारच झालं. वस्तऱ्यामुळे नाही, दाढीमुळे नाही, तुम्ही काही लावलंत किंवा लावलं नाहीत म्हणूनही नाही.

2013 साली याचं मूळ सापडलं. बहुतेक अशा डागांमध्ये जीएनएक्यू नावाच्या जनुकात एका ठिकाणी बदल झालेला असतो. तो आईवडिलांकडून येत नाही. गर्भात पेशी वाढत असताना एखाद्या पेशीत तो होतो आणि त्या पेशीपासून बनलेल्या भागापुरताच राहतो. तुमच्या गालातल्या वाहिन्यांमध्ये तो आहे, पुढच्या पिढीकडे जाणाऱ्या पेशींमध्ये नाही. त्यामुळे मुलीच्या मुलांची काळजी करू नका. आणि आईंनाही हे जरूर सांगा. अशा डागासोबत वाढलेल्या कितीतरी मुलांच्या आया आयुष्यभर मनात धरून बसतात की आपल्याच हातून गरोदरपणात काहीतरी चुकलं. त्यांच्या ‘नसती भानगड’ म्हणण्यामागे तेही असू शकेल. अपवाद एवढाच की घरात अनेकांना अंगावर छोटे छोटे असे डाग असतील तर तो प्रकार वेगळा, त्याची जनुकीय तपासणी करतात. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

लेझरच्या खोलीत शिरण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्या. डागावर हात ठेवून तो बाजूच्या त्वचेपेक्षा गरम लागतो का, बोटाखाली ठोके जाणवतात का, ते बघा. तसं असेल, किंवा थोड्या महिन्यांत एकाच जागी बरीच सूज आली असेल, तर खाली मोठ्या रक्तवाहिन्यांची गुंतागुंत असू शकते. मग आधी रक्ताचा प्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी, नंतर बाकीचं. डाग कपाळावर किंवा पापणीवर चढत असेल तर डोळ्यातला दाब तपासावा लागतो, कारण अशा जागच्या डागासोबत काचबिंदू होऊ शकतो आणि तो मोठेपणीही उद्भवतो. तुमचा डाग ओठ ते जबडा आहे, तेव्हा डोळ्याचा धोका कमी. पण त्याची वरची कड दाढीबाहेर कुठवर जाते हे तुम्ही लिहिलेलं नाही. खालच्या पापणीला टेकत असेल तर नेत्रतज्ज्ञांना एकदा दाखवाच. तिसरं म्हणजे तोंड. गालावरचा डाग बहुधा आतही असतो. ओठ उलटा करून त्या बाजूच्या हिरड्या बघा. त्या जांभळट, फुगलेल्या, ब्रशने सहज रक्त येणाऱ्या असतील तर दंतवैद्यांना कळायला हवं, विशेषतः दात काढायची वेळ आली तर खुर्चीत बसण्यापूर्वी.

आता लेझर. ‘दोन-तीन प्रकारची लेझर लागतील’ असं म्हणणारे डॉक्टर तुम्हाला गोंधळात टाकत नाहीत. तुम्हाला भेटलेल्या दोघांपैकी त्यांनीच तुमचा डाग नीट पाहिला असं मला वाटतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन काही ठरावीक रंगांचा प्रकाश जास्त शोषतं. तसा प्रकाश अगदी क्षणभर, सेकंदाच्या हजारातल्या काही भागांइतकाच वेळ दिला, तर वाहिनी तापून बंद पडते आणि उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत प्रकाश थांबलेला असतो. ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी 1983 मध्ये मांडली. त्याआधी आर्गॉन लेझर वापरायचे, ते प्रकाश इतका थोडा वेळ देत नसे, भोवतालची त्वचाही भाजायची आणि कित्येकांच्या चेहऱ्यावर डागाच्या जागी व्रण आले. जुन्या पिढीच्या मनात लेझरची जी भीती आहे ती काही अंशी तिथून आलेली आहे आणि ती उगाच नव्हती. 1983 नंतर त्या कल्पनेवर पल्स्ड डाय लेझर तयार झालं. त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी आधी 577 नॅनोमीटर होती, मग 585, आता बहुतेक ठिकाणी 595. आजही सपाट डागांसाठी पहिली पसंती त्यालाच आहे.

त्याची अडचण खोलीची आहे. हा प्रकाश त्वचेत जेमतेम एखाद मिलिमीटर काम करतो. बाळाच्या सपाट, गुलाबी डागाला तेवढं पुरतं. तुमच्या डागात मात्र वाहिन्या रुंद झाल्यात, एकावर एक थर झालेत, आणि वरच्या वाहिन्यांमधलं रक्त सगळा प्रकाश पिऊन टाकतं, खालपर्यंत काही पोचतच नाही. म्हणून जाड डागासाठी जास्त खोल जाणारी दोन लेझर वापरतात. एक 755 नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट आणि दुसरं 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग. अलेक्झांड्राइटचा प्रकाश ऑक्सिजन कमी असलेल्या, काळपट रक्तात चांगला शोषला जातो, आणि जांभळ्या डागात तसंच रक्त संथपणे फिरत असतं. एनडी-याग सगळ्यात खोल जातं, पण रक्त त्याचा प्रकाश कमी शोषतं, म्हणून ऊर्जा खूप वाढवावी लागते आणि नेमका उपचार कुठे संपतो आणि भाजणं कुठे सुरू होतं यातलं अंतर फारच थोडं उरतं. हे लेझर अनुभवी हातातच असावं, यावर मी ठाम आहे.

गाठींचं गणित याहून वेगळं. दाण्याएवढ्या टणक गाठीला रक्तात शोषल्या जाणाऱ्या लेझरचा फारसा उपयोग होत नाही. ती बधिर करून कापून काढतात, किंवा कार्बन डायऑक्साइड लेझरने थराथराने उतरवून त्वचेच्या पातळीला आणतात. माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत सुरुवात इथूनच व्हावी. रक्त गाठींतून येतं, वस्तरा गाठींना अडतो. गाठी गेल्या की रोजचा त्रास त्याच दिवसापासून कमी व्हायला लागेल, आणि नंतर सपाट झालेल्या भागावर पल्स्ड डाय किंवा अलेक्झांड्राइटचा प्रकाशही सारखा पडेल. गाठीच्या जागी छोटा पांढुरका व्रण राहू शकतो, हे धरून चाला.

आता दाढी.

अलेक्झांड्राइट हेच लेझर नको असलेले केस घालवण्यासाठी वापरलं जातं. केसाच्या मुळातला काळा रंग हा प्रकाश भरपूर शोषतो. रक्तवाहिन्यांसाठी तर ऊर्जा केस काढण्याच्या उपचारापेक्षाही जास्त लागते. म्हणजे जिथे अलेक्झांड्राइट चालेल तिथली दाढी जाईल असंच समजा, आणि ती बहुतेक कायमची जाईल. एनडी-यागनेही केस जातात. पल्स्ड डाय लेझर केसांच्या मुळांना फारसं दुखावत नाही, थोडी विरळ झाली तर होते. शिवाय केस एकसारखे जात नाहीत. अर्ध्या गालाला दाढी, अर्ध्याला नाही, मध्येच एखादा झुपका, असं बरेच महिने दिसू शकतं.

दुसरी गोष्ट कदाचित तुम्हाला अजून कुणी सांगितली नसेल. लेझर करायचं तर त्या जागेवरचे केस प्रत्येक वेळी अगदी मुळाशी कापावेच लागतात. वर केस राहिले तर तेच प्रकाश शोषून जळतात आणि खालची त्वचा भाजते. त्यानंतर डागावर गडद जांभळे चट्टे उठतात, ते एक ते दोन आठवडे राहतात, आणि पहिले दोन-तीन दिवस गाल-ओठ सुजलेले असतात. म्हणजे वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, मिसरूड फुटल्यानंतर पहिल्यांदा, तुमचा डाग उघडा पडणार, आणि तोही रोजच्यापेक्षा गडद होऊन. ओळखीचे लोक थांबून विचारतील. तुम्ही दाढी फक्त डाग झाकण्यासाठी राखली की आता तो तुमचा चेहराच झाला आहे, याचं उत्तर तुमच्याशिवाय कुणी देऊ शकणार नाही, पण ते पहिल्या सिटिंगच्या आधी द्यायला हवं. डॉक्टरांसमोर बसून नाही, घरी, शांतपणे.

मधला मार्ग आहे. गालाच्या वरच्या भागावर, जिथे दाढी विरळ किंवा नाहीच, आणि ओठाच्या लाल भागावर खोल जाणारं लेझर वापरता येतं. दाट दाढीच्या पट्ट्यात फक्त गाठी काढायच्या आणि हवं तर पल्स्ड डायच्या काही सिटिंग करायच्या. त्या पट्ट्यातला जांभळा रंग पुष्कळसा तसाच राहील, पण दाढीही राहील आणि रक्त थांबेल. काही पुरुष उलट ठरवतात. दाढी गेली तरी चालेल, रोज वस्तऱ्याची भीती नको, असं म्हणतात. हाही तितकाच शहाणा निर्णय आहे. फक्त तो माहीत असून घेतलेला असावा. ज्या डॉक्टरांना दाढीचं विचारल्यावर ते नुसते हसतील, त्यांच्याकडे जाऊ नका.

रंग सावळा असण्याची तुमची भीती रास्त आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही हाच प्रकाश शोषतं, म्हणून सावळ्या त्वचेवर फोड येणं, काळे डाग पडणं, कधी पांढरे ठिपके उमटणं हे गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त होतं. पण म्हणून लेझर करताच येत नाही असं नाही. ऊर्जा बेताची ठेवतात, प्रकाश थोडा जास्त वेळ पसरून देतात, दोन सिटिंगमध्ये अंतर वाढवतात, आणि मुख्य म्हणजे प्रकाश पडायच्या क्षणीच त्वचेचा वरचा थर गार करतात. काही यंत्रं प्रत्येक ठिणगीच्या आधी गार फवारा सोडतात, काहींचं टोकच थंड असतं. अलेक्झांड्राइटचा प्रकाश मेलॅनिन जास्त शोषतं आणि एनडी-यागचा कमी, त्यामुळे सावळ्या त्वचेवर कुठलं निवडायचं हा खरोखर तोलून-मापून घ्यायचा निर्णय आहे. यावर एकच खात्रीचा मार्ग आहे, आधी चाचणी. डागाच्या कडेच्या दोन-तीन छोट्या जागांवर वेगवेगळ्या मात्रेने लेझर देऊन पाहायचं आणि दीड-दोन महिने थांबायचं. काळे डाग लगेच दिसत नाहीत, काही आठवड्यांनी उमटतात. चाचणीशिवाय पहिल्याच दिवशी पूर्ण गालावर लेझर मारायला निघालेल्या माणसासमोरून उठून या. उन्हात रापलेल्या त्वचेवरही लेझर करून घेऊ नका. आधीचे काही आठवडे आणि सगळा उपचार चालू असेपर्यंत सनस्क्रीन न चुकता लावा.

प्रत्यक्ष सिटिंग कशी असते ते थोडक्यात सांगते. डोळ्यांवर जाड चष्मा किंवा पट्टी असते, उपचार पापणीजवळ असेल तर पापणीखाली धातूची ढाल बसवतात. यंत्राचं टोक त्वचेवर टेकतं, गार फवाऱ्याचा आवाज येतो आणि लगेच ताणलेलं रबर सुटून लागावं तसा फटका बसतो. एक फटका सहन होतो. शंभर सहन होत नाहीत. गाल आणि ओठ यांच्यासाठी दंतवैद्य देतात तसं मज्जातंतू बधिर करणारं इंजेक्शन देता येतं, त्याने गालाचा मधला भाग आणि ओठ चांगले बधिर होतात. बधिर करणारं मलमही असतं, पण काही मलमांनी वाहिन्या आकसतात आणि डाग फिका पडतो, म्हणजे नेमकं लक्ष्यच लहान होतं. म्हणून काही डॉक्टर ते टाळतात. प्रकाश पडल्यावर चांगले डॉक्टर लगेच पुढचा ठिपका मारत नाहीत. पहिल्या एक-दोन ठिपक्यांनंतर थांबतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत रंग कसा बदलतो ते निरखतात. जांभळट होणं अपेक्षित आहे. राखाडी होऊन तसाच राहिला तर मात्रा जास्त झाली. ते थांबणं बघा, हातोटी तिथे कळते.

घरी आल्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ, उंच उशी, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. खपली आली तर नखाने काढू नका. ओठावर तापाचे फोड येण्याची सवय असेल तर आधीच सांगा, त्याची गोळी सिटिंगपूर्वी सुरू करतात.

ओठाचं जडपण लेझरने थोडं उतरतं, फार नाही. ओठ खरोखर लोंबत असेल, बोलताना किंवा खाताना दाताखाली येत असेल, तर प्लास्टिक सर्जन आतल्या बाजूने थोडा भाग कमी करू शकतात. हे लेझरनंतर ठरवलेलं बरं.

राहिलं ‘सहा सिटिंगमध्ये साफ’. असं आश्वासन लहान बाळाच्या सपाट डागाबद्दलही कुणी देऊ नये. पल्स्ड डाय लेझरने बहुतेकांचा डाग फिका होतो, पण पूर्ण जाणारे पाचातले एखादेच. गालाचा मधला भाग आणि वरचा ओठ तर कपाळ किंवा मानेपेक्षा कमी दाद देतात. आणि फिका झालेला डाग पुन्हा गडद होऊ शकतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत लेझरनंतर दहा वर्षांनी रुग्णांचे डाग पुन्हा मोजले, तेव्हा ते शेवटच्या सिटिंगनंतर होते त्याहून गडद झालेले आढळले, मात्र उपचारापूर्वी होते त्यापेक्षा फिकेच होते. म्हणजे काही वर्षांनी पुन्हा एखाद-दोन सिटिंग लागतील हे आताच मनाशी धरा. पैसे आणि सुट्ट्या यांचा हिशेबही तसाच करा. सगळ्या सिटिंगचे पैसे एकरकमी आगाऊ भरायला लावत असतील तर भरू नका. जाड डागात किती सिटिंग लागतील हे पहिल्या तीन-चारांनंतरच कळू लागतं, आणि तिथे थांबायचं स्वातंत्र्य तुमच्या हातात असायला हवं.

उशीर झाला का? रंग घालवण्यासाठी म्हणाल तर लहानपणी उपचार झाले असते तर जास्त फायदा झाला असता, हे खरं आहे. जाडपणा आणि गाठी उतरवण्यासाठी मात्र अजिबात उशीर झालेला नाही. उलट जाड डागात बदल डोळ्यांना पटकन दिसतो, कारण कमी होण्यासारखं पुष्कळ असतं. आईंना एवढंच सांगा की डाग आहे तसा थांबलेला नाही, तो वाढतोय आणि त्यातून रक्त येतंय. या वयात कशाला, याचं उत्तर तेच. आणि पत्नींना मात्र हेही सांगा की काहीही न करणं हाही एक पर्याय आहे. गाठी काढून घेतल्या, हिरड्या आणि त्या एका वाहणाऱ्या गाठीची तपासणी झाली, तर उरलेल्या जांभळ्या रंगासह तुम्ही खुशाल जगू शकता. तो घालवलाच पाहिजे असं शरीराच्या दृष्टीने काही नाही.

ज्या त्वचारोगतज्ज्ञांनी डाग पूर्ण जाईल असं नाही म्हणून सांगितलं, त्यांच्याकडेच परत जा. जाताना डागाचे जुने फोटो घेऊन जा, शाळेतला, लग्नातला, पाच वर्षांपूर्वीचा, म्हणजे वाढीचा वेग त्यांना दिसेल. त्यांच्याकडे यातली कुठली यंत्रं आहेत, सावळ्या त्वचेवरच्या जाड डागांचे त्यांनी स्वतः केलेले आधीचे-नंतरचे फोटो दाखवू शकतील का, चाचणी कुठल्या जागी करणार आणि दाढीचा कोणता पट्टा वगळता येईल, एवढं विचारा. रक्त येणारी गाठ मात्र या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात दाखवून घ्या.